सदतिसावी चिंधी

मास्टर शुद्ध मराठी बोलायला लागले की दुकानातल्या बायका गुपचूप आपापल्या चपला शोधायला लागत. एरवी ते आमच्याशी अहिराणीत बोलायचे, घरी बायकोशी, म्हणजे आमच्या चाचीशी, हिंदीत, आणि शुद्ध मराठी त्यांनी फक्त दोघांसाठी राखून ठेवली होती. एक सरकार, आणि दुसरा, ज्याचा राग आलाय तो. "पोरी, बठ, चहा ले" असं म्हणाले तर सगळं ठीक. "आपण जरा बाजूला उभ्या राहाल का?" असं म्हणाले की समजायचं, आज काही खरं नाही.

शहाद्यात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. एवढंसं, दोन मशीन, एक काउंटर आणि हँगरांची एक तार. आरसा नाही. लेडीज टेलरच्या दुकानात आरसा नाही, हे मी जगात दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "आरसा लावा का बाई कपडाले देखतच नही, सोताले देखस. आनि मंग सोताना राग मन्हावर काढस."

ब्लाऊज घट्ट झालं म्हणून कुणी भांडायला आली, तर मास्टर ते हातात घेत, उलटंसुलटं करत आणि शांतपणे सांगत, "ब्लाऊज तितलंच शे. लगीनमा बुंदी कितली खादी ते सांग." बाई हसत हसत उसवायला देऊन जायची. माणसाला ते चेहऱ्याने नाही, खांद्याने ओळखत. माझ्या सख्ख्या मावशीला तोंडाला मास्क असताना त्यांनी लांबून हाक मारली होती, "उजवा खांदा उतरेल शे, तीच व्हई!" मावशी आठवडाभर उजवा खांदा वर करून चालत होती.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे वही.

साडीपासून ब्लाऊजपीस कापताना मास्टर कात्री सरळ चालवत नसत. एका कोपऱ्यात मुद्दाम दोन-तीन वेडेवाकडे दात पाडत. मग ब्लाऊजपीसच्या बाजूची ती बोटभर दातेरी चिंधी कापून वहीत टाका घालून लावत आणि खाली बाईचं नाव लिहीत. साडी बाई घरी घेऊन जाणार, तिच्या काठाला ते दात तसेच राहणार. ब्लाऊज न्यायला येताना साडी घेऊन यायचं. चिंधी आणि साडीचे दात एकमेकांत बसले की ब्लाऊज हातात, त्या काठाला पिको तिथल्या तिथे, आणि वहीतल्या नावावर लाल पेन्सिलीची काट. कुणी म्हटलं, मास्टर, मला तुम्ही लहानपणापासून ओळखता, तर उत्तर ठरलेलं: "तुले वयखस. साडीले नही."

यामागे म्हणे एक जुना इतिहास होता. तरुणपणी त्यांच्या हातून दोन जावांची ब्लाऊजं बदलली होती. रंग सारखा, साडी सारखी, फक्त एकीचं कापड दोन बोटं जास्त. त्यावरून त्या घराच्या दोन चुली झाल्या. मास्टर सांगत, "दोन बोटं कपडा, आनि दोन भाऊ आजलोंग बोलतस नही." तेव्हापासून चिंधी. आणि एकदा बकरीने वहीची दोन पानं खाल्ली, तेव्हापासून वही कायम कापडी पिशवीत, मास्टर जातील तिथे सोबत. चाची म्हणायची, "मेरेको कभी बाज़ार नहीं ले गए, कॉपी को रोज़ घुमाते."

या माणसाला मी विमा विकला. नवी नवी एजंट झाले होते. ओळखीतल्या सगळ्यांना गाठून झालं होतं आणि नातेवाईक मला पाहून दार लावून घ्यायला लागले होते. मास्टर उरले होते. त्यांनी पॉलिसीचा फॉर्म माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. "दुकानातील मालाचा मालक" या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "सूत मन्हं. बटन मन्हं. कपडा बायास्ना. कारागिरी अल्लाहनी. लिख."

"मास्टर, एवढी जागा नाहीये फॉर्मवर."

"अल्लाह राहू दे. बायास्ना कपडा लिख. ती अमानत शे."

मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला आणि वेगळा कागद जोडून लिहिलं: ग्राहकांचे शिवण्यासाठी आलेले कापड, यासह. तेवढ्यासाठी हप्ता थोडा वाढला. मास्टरांनी हूं की चूं केलं नाही.

आणि ऐन लग्नसराईत, एका शुक्रवारी दुपारी, मास्टर दुकान बंद करून नमाजला गेलेले असताना शेजारच्या दुकानात तारांचा स्पार्क झाला. आग भिंतीवरून इकडे आली. बंब येईपर्यंत दोन्ही मशीनांचे सांगाडे उरले होते. मी धावत गेले तेव्हा मास्टर गल्लीत उभे होते, काखेत वहीची पिशवी. मला म्हणाले, "मशीन लोखंडनं शे, दुसरं येई जाई. पन पोरीस्ना कपडा जयी गया ना व." आणि एवढा भांडकुदळ माणूस डोळ्यांत पाणी आणून रस्त्यात खाली बसला. मला फार वाईट वाटलं. तिथेच बसून त्यांनी वही उघडली आणि काट नसलेल्या चिंध्या मोजल्या. सदतीस. मी तोच आकडा क्लेमच्या फॉर्मवर टाकला.

कंपनीचा सर्वेअर आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. मास्टरांनी त्याला पाहिल्या पाहिल्या सांगितलं, "साहेब, तुमना डावा खांदा अर्धा इंच खाले शे. कोन टेलर शे तुमना?" तिथूनच बिनसलं.

"कापडाची बिलं दाखवा," सर्वेअर म्हणाला.

"बिलं बायास्पन शेतस."

"तुमच्या नावाची बिलं लागतील."

मास्टरांनी एक मोठा श्वास घेतला. मी ओळखलं, आली शुद्ध मराठी. "साहेब, पोस्टमनच्या पिशवीत पत्रं असतात. ती सगळी त्याला त्याच्या बायकोने लिहिलेली असतात का?"

सर्वेअरने टॅबवर काहीतरी टिपलं. "सीसीटीव्ही होता का?"

"नाही. समोरच्या ओट्यावर एक आजी बसतात. त्यांना सगळं दिसतं. त्यांचा जबाब घ्या."

त्याने घेतला नाही. वहीकडेही पाहिलं नाही. म्हणाला, "चिंध्यांना पुरावा म्हणत नाहीत." मास्टरांनी वही मिटून पिशवीत ठेवली आणि पुढचा तासभर तो जे विचारेल त्याला "होय" आणि "नाही" एवढंच उत्तर दिलं, तेही शुद्धात.

महिन्याभराने पत्र आलं. इंग्रजीतलं. मी ते मास्टरांना मराठीत वाचून दाखवलं: मशीन मंजूर, काउंटर मंजूर, वायरिंग मंजूर. ग्राहकांचं कापड नामंजूर, कारण पुरावा नाही. मी कागदाची घडी घातली.

"पोरी," मास्टर म्हणाले, "तू आठ ओयी वाचन्यात. कागदवर नऊ शेतस."

मी घडी पुन्हा उलगडली. नववी ओळ वाचावीच लागली: दावेदाराने कापडांची संख्या वाढवून सांगितल्याचे दिसते.

आमच्या गावात असली पत्रं पाकिटात राहत नाहीत. दोन दिवसांत बाजारात कुजबुज सुरू झाली, की मास्टरने बायकांचं कापड आधीच विकून खाल्लं आणि आगीवर घातलं. ज्या माणसाने दोन बोटं कापडापायी आयुष्यभर चिंध्या शिवल्या, त्याच्याबद्दल हे! मंजूर झालेल्या पैशांतून दुकान पुन्हा उभं राहिलं, नवं मशीन आलं. मास्टरांनी त्यावर चादर घातली आणि जाहीर केलं, "ती ओय पुसावत नही तवलोंग मी मशीनवर बठाव नही."

आता काय सांगू तुम्हाला! लग्नसराई अजून चालूच आणि मास्टर संपावर. दुसरे टेलर होते की गावात, पण मास्टरांच्या हाताची सवय झालेल्या बायांना दुसऱ्याचं शिवलेलं अंगाला बसेना. घरोघरी गोंधळ. मला तर रस्त्यात अडवून बाया विचारायच्या, "काय व, तुन्ही कंपनीनी काय लावेल शे हाई?" जशी काही कंपनी माझ्या सासरची.

मी वरच्या ऑफिसला तक्रार केली, अर्जावर अर्ज केले. शेवटी कळवलं गेलं की नाशिकहून एक मोठ्या मॅडम नंदुरबारच्या शाखेत येणार आहेत, पुराव्यानिशी हजर राहा. मी मास्टरांकडे गेले. म्हटलं, पुरावा कुठून आणायचा?

मास्टर कितीतरी वेळ वही चाळत बसले. मग गालातल्या गालात हसले. "पुरावा बायास्ना पेटीमा शे. त्यास्ले सांग, तीच साडी नेसीसन या. ब्लाऊज जे व्हई ते."

त्या सकाळी शहाद्याच्या स्टँडवर जे दृश्य होतं, ते बघायला तुम्ही हवे होतात. सव्वीस बाया, एकाहून एक भारी साड्या, आणि एकीचंही ब्लाऊज जुळत नाही. मोरपंखी साडीवर लाल, अबोलीवर पोपटी. पुरुषोत्तमनगरहून एक आजी आली होती, तिने नातीच्या लग्नातल्या भरजरी साडीवर शेतात घालायचं फुलाफुलांचं ब्लाऊज चढवलं होतं. म्हणे, "पुरावा शे, तो मजबूत जोयजे." ज्या अकरा जणींना येता आलं नाही... निदान मी तरी तेव्हा अकराच समजत होते... त्यांच्या साड्यांचं गाठोडं माझ्या काखेत होतं. मोजून पाहायची मला बुद्धी झाली नाही.

कंडक्टर दारात थबकलाच. "कुठलं लग्न?"

"लगीन नही," आजी म्हणाली, "इमा शे."

त्याने बायांची अर्धी तिकिटं फाडली आणि मास्टरांचं एकट्याचं पूर्ण. मास्टर पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर ताठ बसले होते. मागे, वाटेतलं प्रकाशा गाव येईपर्यंत, बायांची गाणी चालली होती.

मोठ्या मॅडम पन्नाशीच्या, चापूनचोपून साडी नेसलेल्या. आमची वरात ऑफिसात शिरल्यावर त्यांनी चष्मा वर केला आणि एकेकीच्या ब्लाऊजवरून नजर फिरवली. हसू त्यांनी दाबलं, पण मला दिसलं. मास्टरांनी चिंधीची सगळी रीत समजावून सांगितली, अर्थातच शुद्ध मराठीत. मॅडम कोपऱ्यात बसलेल्या सर्वेअरकडे वळल्या. "ब्लाऊजपीस साडीतूनच निघतो. त्याचं वेगळं बिल कसं असेल? घरी विचारायचं होतं ना कुणाला तरी." सर्वेअर टॅबमध्ये तोंड घालून बसला. त्याचा डावा खांदा आणखी अर्धा इंच उतरला असावा.

साडीचे दात कमरेला खोचलेले, म्हणून तपासणी आतल्या खोलीत, फक्त बायकांची. मास्टरांनी वही माझ्या हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी हातात दिली असावी. मी नाव वाचायचं, बाईने काठ काढायचा, मॅडमनी चिंधी लावून बघायची. बसली. दुसरी, बसली. मॅडमना त्याची गोडीच लागली, अगदी लहान मुलीसारख्या दात दातात बसवत होत्या. मध्येच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या सगळ्यांत तुमचंच तेवढं जुळतंय हो. काय फिटिंग आहे! कुणी शिवलं?"

मी फुगले. मोठ्या ऑफिसात जायचं म्हणून माझी सगळ्यात चांगली जांभळी साडी नेसून गेले होते. ऐटीत म्हटलं, "कुणी म्हणजे? आमच्या मास्टरांनीच!"

बाया संपल्या. मग गाठोडं सोडलं. एक एक साडी, एक एक चिंधी. गाठोड्यातली शेवटची साडी बसली तेव्हा छत्तीस झाल्या होत्या. मॅडम पेन धरून थांबल्या. "आता एकच राहिली ना?"

मी पान उलटलं. जांभळी चिंधी. खाली माझं नाव. वर काट नाही.

त्या शुक्रवारची सकाळ मला लख्ख आठवली. मला विसरवाडीची बस गाठायची होती. मास्टर दुकान उघडं टाकून समोर चहाला गेले होते आणि माझं ब्लाऊज तारेवर तयार लटकत होतं. मी उचललं आणि पळाले. सांगू नंतर, म्हटलं. दुपारी आग लागली आणि ते डोक्यातून पार गेलं. सदतीस म्हणून मीच फॉर्मवर लिहिलं, आणि सदतिसावं ब्लाऊज आत्ता माझ्या अंगात होतं.

खोटं कशाला बोलू, क्षणभर वही मिटावीशी वाटली. मॅडमना माझं नाव कुठे पाठ होतं? पण माझ्या खांद्यावरून पुरुषोत्तमनगरची आजी वहीत डोकावत होती. ती ठसक्यात ओरडली, "अय माय! हाई तं तुन्हा आंगवर शे ना व!"

मॅडमनी माझ्या ब्लाऊजकडे बघितलं, चिंधीकडे बघितलं आणि मास्टरांना आत बोलावलं. मी सगळं सांगितलं. सांगताना रडले, हेही सांगून टाकते.

मास्टरांनी वही माझ्या हातातून घेतली. जांभळ्या चिंधीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मग मॅडमना म्हणाले, "आपल्या पत्रातली ओळ खरी निघाली. संख्या वाढली होती, एकाने. हा दावा आपण कापा. आणि ती ओळ आता पुसू नका."

बायांनी एकच कालवा केला. ओळ राहिली म्हणजे मशीनवरची चादर राहिली, म्हणजे लग्नं तशीच. आजी तर मॅडमच्या टेबलावर हात आपटून म्हणाली, "एक पोरगी येडी निघनी म्हनीसन बठा गाव उघडा हिंडी का?"

मॅडमनी हाताने सगळ्यांना गप्प केलं. "ओळ पुसत नाही. बदलते. छत्तीस नग सिद्ध, मंजूर. एक नग नजरचुकीने जास्त लिहिला गेला. चालेल?"

मास्टरांनी विचार केला. "नजरचूक कुणाची, ते लिहा."

"कुणाची लिहू?"

माझी एजन्सी त्या एका शब्दावर लटकली होती. एजंटने खोटा आकडा भरला असं कागदावर आलं असतं, तर मला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. मास्टरांनी टोपी सारखी केली. "माझी. दुकान उघडं टाकून मी चहाला गेलो होतो."

मॅडमनी तसं लिहिलं.

येताना बसमध्ये बाया पुन्हा गात होत्या. मी मास्टरांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "मास्टर, माफ करा." त्यांनी खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं, "आपण उगीच त्रास करून घेऊ नका."

आपण! मला! ज्या माणसाने माझं पहिलं परकर-पोलकं शिवलं तो मला आपण म्हणाला. दुसऱ्या दिवशी मशीनवरची चादर निघाली, मॅडमनी लिहिलेलं पत्र फ्रेम करून आरशाच्या नसलेल्या जागी लागलं, आणि फ्रेमच्या कोपऱ्यात काचेखाली ती जांभळी चिंधी. कुणीही विचारलं की मास्टर खुशाल सांगायचे, "ती इमावाली पोरीनी शे." सगळ्या गावाशी माझ्याबद्दल अहिराणीत. माझ्याशी मात्र "यावं, बसावं, आपलं काय काम होतं?" मी फराळ नेला, "आभारी आहे." मी नवी पॉलिसी समजावली, "विचार करून कळवतो." माझी आई हसून लोटपोट व्हायची. मला मात्र रात्रंदिवस खुपायचं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं वाटायचं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, शुद्ध मराठी काही जाईना.

मग माझं लग्न ठरलं. शालू घेऊन मी दुकानात गेले आणि काउंटरवर ठेवला. आई सोबत होती. मास्टरांनी शालू उलगडला, कापडावरून हात फिरवला, कात्री घेतली. एक दात, दोन दात, तीन. मला वाटलं चार पाडले, माझ्यासाठी खास. चिंधी वहीत शिवली. खाली नाव लिहिलं. मी पिशवी उचलून निघाले, तशी मागून हाक आली.

"पोरी!"

मी गर्रकन वळले. मास्टर चष्म्यावरून बघत होते.

"ली जाशी तव्हय सांगी जाजो."

ब्लाऊज न्यायला गेले त्या दिवशी मी गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत गेले, "मास्टर! मन्हं ब्लाऊज मी लई जास बरं!" समोरच्या ओट्यावरची आजी उभी राहिली, दुकानांतून माणसं बाहेर आली. मास्टरांनी मशीन थांबवलं नाही. फक्त कानावरची लाल पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. माझ्या नावावरची काट त्यांनी मला मारायला लावली.